नाल्यावर कोण गेलं होतं

सतराव्या वर्षी मला जगातल्या यच्चयावत कत्तलींचं कारण ठाऊक होतं. आता चष्मा कुठे ठेवला ते ठाऊक नसतं, पण तेव्हा खात्री अशी होती की विचारू नका. माणसं झुंडीनं माणसं मारतात ती धर्मापायी. देव-धर्म उठवला की झालं, सगळं थंड. हे ज्ञान मला मधूकाकाकडून मिळालं होतं, आणि काकाला भंडाऱ्याच्या एका छापखान्यातून. तिथे तो अक्षरांचे खिळे जुळवायचा, आणि जे जुळवायचा ते वाचायचा. लग्नपत्रिकांपासून क्रांतीच्या पुस्तकांपर्यंत सगळं उलट्या अक्षरांत वाचून तो नास्तिक झाला. छापखाना बंद पडला तेव्हा एक ट्रंकभर पुस्तकं घेऊन तो घरी परत आला आणि बाबांच्या शेजारच्या मागावर बसला. मी लगेच त्याची शिष्या झाले. पहिली क्रांती म्हणून तुळशीला पाणी घालणं सोडलं. तुळस वाळायला लागली तेव्हा आई मला एका शब्दानं बोलली नाही, स्वतः घालू लागली. परीक्षेच्या दिवशी मात्र शाळेच्या वाटेवर मारुती लागला की माझ्या चपलेचा पट्टा नेमका तिथेच ढिला व्हायचा आणि मला वाकावं लागायचं. नास्तिकतेलाही शिकाऊ काळ असतो.

आमचं गाव वैनगंगेच्या काठचं. नाव लिहीत नाही. ज्यांची नातवंडं अजून तिथे नांदतात त्यांना कशाला त्रास? पवनीहून येणारी मोटार जिथे थांबायची तिथून आत आलं की आमचा विणकरांचा मोहल्ला लागायचा, आणि तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. खटक, सर्र, खटक. घरोघर जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस, आणि त्याच्या हातून इकडून तिकडे धावणारा धोटा. त्या आवाजावर मी जन्मले, त्या आवाजावर जेवले. माग बंद पडला की मला झोपेतून जाग यायची. आमच्या घरात मोठ्या मागावर बाबा बसत, धाकट्यावर काका, आणि दोघांच्या मध्ये एक भिंतही नव्हती. त्यामुळे दिवसभर खटक-सर्रच्या तालावर देव आहे की नाही, याचा निकाल चालू असे.

बाबा देवभोळे होते. सकाळी मागाला हात लावण्याआधी मागाच्या पाया पडत, धोटा कपाळाला लावत. भजनात बसले की डोळ्यांतून धार लागायची. काका त्यांना फाळणीवरून धरायचा. "गाडीच्या गाडी कापली, दादा. एक तरी नास्तिक तलवार घेऊन गेल्ता काय त्याच्यात?" बाबा धोटा थांबवत नसत. "अना तू परवा पेपरातनं वाचून दाखोलं ते? देवळं बंद केली, पुजाऱ्यायले जेलात टाकलं, अना मंग आपलेच लोक कापले शेतासारखे. तेयच्या पोथीत कोनता देव होता, सांग." खटक. सर्र. आई आतून सुपात तांदूळ पाखडत असायची. मी उंबऱ्यावर बसून काकाच्या बाजूनं मान हलवायची, आणि बाबांचा मुद्दा बिनतोड असला की मला अचानक तहान लागायची, मी उठून पाणी प्यायला जायची. अशा रीतीनं मी त्या काळात भरपूर पाणी प्याले.

नाल्यापलीकडे बौद्धांची वस्ती होती. तिथली शांता माझ्या वर्गात. तिचे वडील देवाजीमामा. नाव देवाजी आणि देव सोडलेला, यावर मोहल्ल्यातले लोक हसत. मामांनाही त्याचं हसू यायचं, म्हणायचे, "बापानं ठेवलं नाव, आता काय नदीत शिरवू?" त्यांच्या वडिलांनी घरचे देव पाटीत भरून नदीला दिले होते. मामा वरठीच्या स्टेशनावर रुळांच्या कामाला होते. आठवडाभर तिकडे, सुटीला सायकलनं घरी. उंच, सावळे, आणि बोलायला इतके हळू की त्यांचं ऐकायला माणसाला स्वतः गप्प बसावं लागे. एका सणाला त्यांच्या घरून खिरीचा गडवा आला होता. बाबांनी खाल्ली नाही, कारण ती नाल्यापलीकडून आलेली. तसं तोंडानं म्हणाले नाहीत, पोट जड आहे म्हणाले. काकानं खाल्ली नाही, कारण ती पूजेची. तसं मात्र तोंडानं म्हणाला, आणि वर भाषणही दिलं. मग आईनं आणि मी चुलीजवळ बसून गडवा पुसून काढला. नव्या तांदळाची खीर, वर मोहाच्या फुलांची भुकटी. इतकी वर्षं झाली, दोन्ही बाजूंचे मुद्दे विसरले, पण ती चव आहे.

आता विणकरांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. सूत मागावर चढवण्याआधी त्याला पाजणी करावी लागते. म्हणजे अख्खा ताणा, हजारो उभे धागे, गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या कैच्यांवर ताणायचे, आणि तांदळाची खळ कुंच्यानं त्यांना पाजायची, की धागा ताठ होतो. हे काम पहाटेच्या गारव्यात. ऊन चढलं तर खळ भराभर वाळते आणि धागा काचेसारखा होतो, बोट लागलं की तुटतो. ताणा लागला की गल्ली बंद. ज्याला जायचं त्यानं वाकून खालून जायचं. ताण्यावरून कोणी ओलांडायचं नाही. ओलांडला की त्या कापडाला बरकत नाही, आणि घरातलं माणूस जातं, असं मानत. तहसीलदार आला तरी टोपी काढून खालून गेला होता. काका कशालाच मानत नसे, पण ताणा त्यानंही कधी ओलांडला नाही. मी एकदा टोकलं तेव्हा म्हणाला, "तो धर्म नाही इंदू, तो धंदा हाय."

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेची मिरवणूक पहिल्यांदा आमच्या गल्लीतून जायची ठरली. आधी ती गावाबाहेरून, नदीच्या अंगानं फिरून जायची. देवाजीमामा आदल्या दिवशी स्वतः येऊन बाबांना विचारून गेले. "नारायणभाऊ, उद्या तुमची पाजनी हाय मनते. कवा आटपते?"

"उन्हं यायच्या आत ताना उचलतो," बाबा म्हणाले. "तू ये बिनघोर."

बाबांचा शब्द म्हणजे शब्द होता. ताणा पहाटेच लागला. पण चुलीवर खळ शिजत असताना काकानं चहाचा कप हातात घेऊन विषय काढला. "आज नाल्यापल्याडचे नवा देव मिरवून राहिले म्हणा." बाबा म्हणाले, "देव कुठला? तेयले देवच नाही. बिनदेवाचा मानूस अना बिनदोरीचा बैल सारखाच." काका म्हणाला, "दोरी कोनाच्या हातात हाय तेबी पाहा कधी." झालं. खळ ढवळता ढवळता बाबांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं आणि उत्तर द्यायला वळले. उत्तर लांबलं. प्रत्युत्तर त्याहून लांबलं. आई गाय सोडायला गेली होती. ती परत आली तेव्हा घरात करपट वास भरला होता आणि खळ तळाला लागून काळी झाली होती. पुन्हा तांदूळ वाटा, पुन्हा शिजवा. लागलेला ताणा कोरडा उचलता येत नाही, गुंता होतो. तो तसाच गल्लीभर पसरलेला, आणि नव्या खळीचा पहिला कुंचा फिरला तेव्हा ऊन आमच्या ओसरीवर चढून बसलं होतं.

माझ्या नातीचा नवरा नागपुरात जेवणाच्या टेबलावर हाच वाद घालतो. मोबाइलमध्ये बघून कुठल्या देशात कोणी किती मारले ते सांगतो, नात दुसऱ्या बाजूचे सांगते, आणि दोघांच्या पानातलं वरण गार होतं. मग ते मला विचारतात, आजी, तुला काय वाटतं? मी म्हणते, दोघांचंही बरोबर आहे, आता भांडी कोण घासतं? ते हसतात. म्हातारी विनोदी आहे म्हणतात. म्हणोत.

मिरवणूक आली. पुढे पंचरंगी झेंडा, तो देवाजीमामांच्या पुतण्याच्या हातात. मागे पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, त्यांच्यात शांता आणि तिची आई, आणि मध्ये मामा, दोन्ही हातांत बुद्धाची तसबीर छातीशी धरून. ताणा बघून सगळे थांबले. मामांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खाली पाहिलं. "थोडी देर झाली, देवाजी. वाकून जा ना खालून. सारेच जातात."

आमच्या मोहल्ल्यात कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. वाकून जायचं, त्यात काय? पण ती माणसं चुळबुळली. पुतण्या म्हणाला, आवाज न चढवता, "आमचे आजे या गल्लीत वाकूनच चालले, भाऊ. आज नाही वाकत." मामा मागे वळून म्हणाले, "मंग थांबू. वाळू दे. घाई कोनाले हाय?" आणि ते खरोखर थांबले. बाया भिंतीच्या सावलीत बसल्या. आईनं पाण्याची घागर बाहेर नेऊन ठेवली. नुसता कुंच्याचा आवाज. एवढं अर्ध्या पानाइतकं शहाणपण त्या दिवशी गावात होतं, आणि ते तसंच राहिलं असतं तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं.

पण काकाला राहवलं नाही. त्याच्यासमोर एवढा श्रोता कधी आला नव्हता. तो कुंचा हातात घेऊनच बोलायला लागला. मला त्याचा काय अभिमान वाटला म्हणून सांगू! "अरे, झेंडा मंजे काय? कपडा. आमीच विनतो. त्याले वाकवलं तं काय मरते? जुने देव नदीत टाकले अना आता कपड्याले देव केलं, मंग सुटले कुठं तुमी?"

पुतण्या उठला. "कपडाच हाय नाही का? मंग हेबी सूतच हाय." आणि त्यानं पाय उचलून ताणा ओलांडला.

झेंड्याची काठी ताण्यात अडकली. तो पुढे गेला, काठी मागे राहिली, आणि उन्हानं कडक झालेले धागे तुटायला लागले. लाह्या फुटतात तसा आवाज. तो या टोकाकडून त्या टोकाकडे धावत गेला, आणि मग गल्लीभर ताणा धुळीत पडला. मामांनी तसबीर शांताच्या हाती दिली आणि खाली बसून धागे गोळा करायला लागले. रुळांवर काम करणारे हात, धागा बोटाला चिकटेना. बाबा म्हणाले, "हात नोको लावू." मामांनी हात काढला. "दुपारी येतो, भाऊ. आमच्या बायापोरी घेऊन येतो. एकेक धागा सांधून देतो, तुमी दाखवा फक्त." बाबा तुटलेली टोकं उचलत राहिले. मिरवणूक आली तशी परत गेली.

दुपारी आमच्याकडे आंबील आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते. सकाळी पाजणी असली की दुपारी हेच जेवण, हा नेम. कोणी जेवलं नाही. बाहेर मारुतीच्या पारावर माणसं जमायला लागली होती, आणि तिथून गोष्ट दर खेपेला मोठी होऊन आमच्या ओसरीवर येत होती. ओलांडला. मग तुडवला. मग थुंकले. मग कोणीतरी सांगितलं की काल रात्रीच ठरलं होतं तिकडे. बाबा पारावर गेले, मागून काका. आमचं दार पारासमोरच, मी उभी राहून ऐकत होते. बाबा म्हणाले, "देवच नाही तेयले, तं पापाचा धाक कोठून येईन? आज ताना तोडला, उद्या मान तोडतीन." माणसं हं म्हणाली. मग काका म्हणाला, "धर्माची नशा चढली हाय तेयच्या डोक्यात. गरिबानं गरिबाचा धागा तोडला. आज नाही उतरवली तं उतरनार नाही." माणसं हं म्हणाली, तशीच, त्याच आवाजात.

मी तिथे उभी होते आणि मला कोणाच्या बाजूनं मान हलवावी ते कळेना. एकाला ती माणसं बिनदेवाची म्हणून मारायची होती. दुसऱ्याला ती देवाच्या नादी लागलेली म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा बाबा आणि काका यांचं एकमत झालं होतं. मला पाणीसुद्धा प्यावंसं वाटलं नाही. माणसं ताण्याच्या कैच्यांचे बांबू उपसायला लागली.

मागून आईनं माझा दंड धरला. "इंदे, नदीनं जाय. शांताले अना तिच्या मायले डांगरवाडीत काढ. देवाजीले सांग, गावाकडं येऊ नोको मना. पऱ्हाय लवकर."

"आणि तू?"

"मी तुह्या बाबाले आनते." असं म्हणून ती डोक्यावर पदर न घेता बाहेर पडली. आईला मी तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी नदीच्या वाळूतून धावले. वैशाखातली वाळू, चपला हातात धरल्या तर पाय भाजतात आणि पायात घातल्या तर धावता येत नाही, मी मध्येच कधीतरी त्या टाकून दिल्या. नाल्याच्या उतारावरच मामा भेटले. ते आमच्याकडेच निघाले होते, शब्द दिल्याप्रमाणे. सोबत शांता, तिच्या हातात भाताच्या पेजेचा गंज. खळ म्हणून आणली होती बिचारीनं. मी दम लागत लागत सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नारायणभाऊ हाय काय संगं?"

"आहेत. तेच पुढे आहेत."

"मंग भेव कायचा? देवाले भ्यानारा मानूस हाय तो. त्याचा हात उठत नाही."

मी हुशार ना! मी म्हणाले, "मामा, बाबांचा भरवसा धरू नका. पण काका आहे, तो थांबवेल सगळ्यांना. तो शिकलेला आहे."

"पाय बरं," मामा हसले. "एक देववाला अना एक शिकलेला. दोघंबी हायेत. मी बोलतो तेयच्यासंग." त्यांनी शांताला सांगितलं, मायला घेऊन इंदूसंग जा, उगाच खबरदारी म्हणून. मग गंज तिच्या हातून घेतला, धोतराचा सोगा खोचला आणि चालायला लागले. मी त्यांचा हात धरला होता. त्यांनी तो हळूच सोडवला, आपण लहान मुलाचा हात सोडवतो तसा. मी ओरडले, शांता ओरडली. त्यांनी मागे न बघता हात हलवला, येतोच म्हणून.

नदीच्या पात्रात उन्हाळ्यात ढिवर लोक डांगरं, म्हणजे खरबुजं, लावतात. वेलांवर सावलीला पऱ्हाटीचे, कापसाच्या वाळक्या काड्यांचे, तट्टे बांधलेले असतात. त्याखाली आम्ही तिघी पडून राहिलो, आणि आमच्यासारख्या आणखी कितीतरी बाया, म्हाताऱ्या, पोरं. आधी नुसता गलका ऐकू आला. मग "बोल" म्हणून देवाचा जयकार. तो आवाज मी ओळखला, दर शनिवारी भजनात ऐकायची. मग धूर. वस्तीच्या टोकाला गवतानं शाकारलेली एक पडवी होती, तिथे ते प्रार्थनेला बसत. ती आधी पेटली. वैशाखाचा वारा घराघरावर विस्तव वाटत सुटला. जळक्या गवताच्या काड्या उडत येऊन डांगरांवर पडत होत्या, काळ्या, हलक्या. शांता विचारत राहिली, "इंदे, काय जळते? आमच्या अंगानं जळते काय?" मी म्हणत होते, काका आहे ना तिकडे. काका आहे. एखादा जप करावा तसं मी ते म्हणत होते.

मामा नाल्यावरच गेले. पहिल्या बांबूनं खाली पडले, आणि नंतरचे बांबू मोजायला कोणी शुद्धीवर नव्हतं. गंज फुटला नाही, पितळी होता. दुसऱ्या दिवशी तो तिथेच पडलेला सापडला. पडवी कोणी पेटवली ते गावभर सगळ्यांना माहीत होतं. काका स्वतः नंतर सांगायचा, "मी मानूस नाही जाळला. मी एक अंधश्रद्धेची पडवी जाळली. वाऱ्याले मी काय करू?"

संध्याकाळी घरी आले तेव्हा चूल पेटलेली नव्हती. आई तिच्यासमोर बसली होती. ती म्हणाली, "आज पुरे झालं पेटवनं." बाबा आंघोळ करून देवासमोर बसले होते. काका आंघोळ करून पुस्तक उघडून बसला होता. मी बघत होते, पान उलटत नव्हतं. मग बाबा देवाकडे तोंड करूनच म्हणाले, "तुह्यासारख्या नास्तिकानं काडी लावली. देवाचा मानूस असा नाही करत." काका म्हणाला, "तुमच्या जयकारावर बांबू उचलले लोकायनं. जयकार नसता तं एकही मेला नसता." झालं सुरू. फाळणी आली, ते दूरचे देश आले, देवळं आली, तुरुंग आले. नाल्यावर मामांचं प्रेत होतं आणि आमच्या घरात त्यांना कोणी मारलं यावर चर्चा चालली होती, आणि त्या चर्चेत मारणारा धर्म होता नाहीतर अधर्म होता, माणूस एकही नव्हता. मला तेव्हा कळलं की हा वाद इतका गोड का लागतो. त्यात दोन्ही बाजूंना हात धुवायला पाणी असतं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कोणी वाट बघत बसणार नाही. बाबा तुरुंगात गेले आणि तिथेच खंगून वारले. शेवटच्या भेटीत मला म्हणाले की मधूच्या संगतीनं बुद्धी फिरली. काकाला थोडी शिक्षा झाली, ती भोगून तो आला, म्हातारा झाला आणि खाटेवर पडून सांगत राहिला की त्या दिवशी दादाच्या देवानं घात केला. शांता आईला घेऊन वरठीला गेली, शिकली, नोकरीला लागली. आम्ही दोघी अजून फोनवर बोलतो. गुडघ्यांबद्दल बोलतो, सुनांबद्दल बोलतो. त्या दिवसाबद्दल ती एकदाच बोलली. म्हणाली, "माह्या बाबानं तुह्या बाबाचा भरवसा देवावरून केला. मानसावरून केला असता तं घरी राह्यला असता." या विषयात मी आता कोणालाच उत्तर देत नाही.

आणि हे सगळं कोर्टापर्यंत गेलं तरी कसं? जाणारच नव्हतं खरं म्हणजे. दुसऱ्या दिवशी चावडीसमोर फौजदार आणि जमादार जबाब घ्यायला बसले. मोहल्ल्यातली झाडून सगळी माणसं एकामागून एक गेली आणि एकच बोलली. गर्दी होती साहेब. धूळ होती. पब्लिक होती, ओळखू नाही आलं. एक जण म्हणाला, धर्माचा मामला हाय साहेब, याच्यात कोनाचं नाव घेता? दुसरा म्हणाला, दोन्हीकडची चूक हाय. फौजदारानंही मान हलवली, त्यालाही ते सोयीचं होतं. वस्तीतल्या बायांनी नावं सांगितली, तर तुमी पळून गेल्त्या, तुमाले काय दिसलं, असं जमादार त्यांना म्हणाला. खरंच होतं ते, त्या माझ्याबरोबर वाळूत पडून होत्या. बाबा आणि काका चावडीच्या भिंतीला टेकून उभे होते, मोकळे, बाकीच्यांसारखेच.

मग आई उठली. ती आदल्या दिवशी बाबांना आणायला त्यांच्या मागोमाग नाल्यापर्यंत गेली होती, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं. बाई माणूस, कोण बघतं? ती जमादारासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी पाह्यलं."

"काय पाह्यलं, बाई?"

"पहिला बांबू कोनं मारला ते. अना काडी कोनं लावली ते."

जमादार म्हणाला, "सांगा मंग. कोनं?"

आई म्हणाली, "आमच्या घरच्यानं."

"नाव सांगा."

आईचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. इंदूचे बाबा, आमच्या घरचे, ते, एवढंच. नारायण नावाच्या देवाच्या आरतीतसुद्धा ती त्या शब्दाला ओठ मिटून घ्यायची. मागून कोणीतरी हसलं. माणसांना दम आला. "बाई मानूस नाव कसं घेईन, साहेब?" एक जण म्हणाला. "सोडा." फौजदार कंटाळून म्हणाला, "बरं, पोरगी आहे ना? पोरगी सांगेल. काय ग, तुझ्या बापाचं नाव काय?"

मी पुढे झाले. मला नवऱ्याचं नाव घेण्याची बंदी म्हणजे बाईच्या तोंडाला लावलेलं कुलूप वाटायचं, त्यावर मी शाळेत भाषण केलं होतं, टाळ्याही पडल्या होत्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काकानं पाहिलं. एवढं बोलणारी मी, मला माझ्या बापाचं नाव सांगता येईना.

आईनं मला हातानं बाजूला केलं, दार अडवून उभ्या राहिलेल्या वासराला करतात तसं. तिनं पदर डोक्यावरून खाली घेतला, बाबांकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "नारायण." मग सासऱ्याचं नाव, मग आडनाव. मग काकाकडे बघून, "मधुकर." पुन्हा सासऱ्याचं नाव, पुन्हा आडनाव. हळू, एकेक अक्षर, जमादाराला लिहायला वेळ मिळेल अशी.

जमादारानं लिहून घेतलं. मग पेन कानाला लावून म्हणाला, "अना कारन काय लिहू, बाई? धर्माचं भांडन लिहू?"

आई म्हणाली, "ते दोघंबी येथंच उभे हायेत. तेयले इचारा. मी नावं देल्ली."